सीओपीडी, ब्राँकायएक्टेसिस, टीबीनंतरची फुप्फुसं : कोणती लस, कधी आणि कोणत्या क्रमाने?

पल्मो_पुणे

एप्रिल उजाडला की दोन प्रश्न ठरलेले. "फ्लूची लस आत्ता घ्यायची की दिवाळीनंतर?" आणि "न्यूमोनियाची एकदा घेतली आहे, मग पुन्हा कशाला?" दरवेळी तुकड्यातुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा एकदाच धागा काढतो, म्हणजे पुढच्या वेळी दुवा देता येईल.

आधी हा धागा कोणासाठी ते. सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन धाप लागणारा आजार), ब्राँकायएक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यांत कफ साठणं), फुप्फुसांचा फायब्रोसिस (आयएलडी), सिलिकोसिस (दगड-वाळूच्या धुळीने होणारा आजार), टीबी बरा झाल्यावर मागे राहिलेली खराब फुप्फुसं, आणि रोज पंप लागतो असा दमा. सीओपीडी म्हणजे बिडी-सिगारेटवाल्यांचा आजार, असं धरून चालल्यामुळे चुलीच्या धुरात आयुष्यभर स्वयंपाक केलेल्या बायका या यादीतून हमखास गळतात. त्यांनाही हे सगळं तितकंच लागू आहे.

लशीने धाप कमी होत नाही आणि पंपही सुटत नाही. फायदा असतो तो आजार उसळणं टाळण्यात, कारण प्रत्येक उसळीनंतर फुप्फुसाची ताकद थोडी खाली येते आणि बऱ्याचदा पूर्वपदावर परत जात नाही. न्यूमोकॉकसच्या लशीचा सीओपीडीतला हिशोब कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात आहे: ८ जणांना टोचली की एकाची उसळी टळते, २१ जणांना टोचली की एकाचा न्यूमोनिया टळतो. रोज घेतल्या जाणाऱ्या कितीतरी गोळ्यांचा हिशोब याहून वाईट असतो.

माझा क्रम असा: पहिली फ्लूची, दरवर्षी. तिच्या जोडीने न्यूमोकॉकस. या दोन झाल्याशिवाय बाकीच्यांचा विचार नको. मग पन्नाशीपुढे नागिणीची, दोन डोस. प्रौढपणी डांग्या खोकल्याची लस कधीच घेतली नसेल तर टीडॅपचा (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला एकत्र) एक डोस, पुढे दर १० वर्षांनी धनुर्वात-घटसर्पाचा बूस्टर. आरएसव्हीची (श्वसनमार्गाच्या एका विषाणूची) लस तुमच्या शहरात मिळत असेल आणि वय ६० च्या पुढे असेल तर एक डोस. ती दरवर्षी घ्यायची नाही. कोविडच्या डोसचं तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

फ्लूच्या वेळेबद्दल. महाराष्ट्र आणि गोव्यात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, जून ते सप्टेंबर. टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि काही महिन्यांनी ते उतरायला लागतं. म्हणून एप्रिल-मे. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा सल्ला अमेरिका-युरोपच्या थंडीसाठी आहे, आपण तो उगाच उचलला.

चौकस

पण डॉक्टर, थंडीतही फ्लू असतोच ना? आणि नवीन लस बाजारात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येते असं मेडिकलवाले सांगतात. मग मे महिन्यात जी मिळते ती जुनी नाही का?

औषधीशाळा

हा घोळ नीट समजून घ्या. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा विषाणूंचे प्रकार ठरवते. फेब्रुवारीत ठरतात ते उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये ठरतात ते दक्षिण गोलार्धाच्या पुढच्या वर्षासाठी. उत्तरेची लस ऑगस्टपासून पुढे दुकानात दिसते, दक्षिणेची मार्च-एप्रिलपासून. भारत नकाशावर उत्तर गोलार्धात आहे, पण बहुतेक राज्यांत फ्लू येतो पावसाबरोबर, म्हणून एप्रिल-मेमध्ये दक्षिणेची ताजी लस सोयीची. काश्मीर-हिमाचलकडे जोर थंडीत, तिथे उत्तरेची.

दक्षिणेच्या खोक्यावर 'साउथ' किंवा 'एसएच' आणि एकच वर्ष असतं. उत्तरेच्या खोक्यावर 'नॉर्थ' किंवा 'एनएच' आणि २०२५-२६ अशी दोन वर्षं. मे महिन्यात उत्तरेचा उरलेला माल काउंटरवर सरकवला जातो, त्याची मुदतही संपत आलेली असते. मुदतीत असेल तर तो विषारी वगैरे नाही, आणि काही वर्षी दोन्हीकडचे प्रकार जवळपास सारखेच असतात. तरी ताजी मागवून मिळत असेल तर दोन दिवस थांबा. मिळतच नसेल तर आहे ती घ्या, पावसाळा लशीविना जाऊ देऊ नका.

आणखी एक. आतापर्यंत चार प्रकारांची लस विकली जायची, आता तीनची येऊ लागली आहे. गिऱ्हाइकांना वाटतं स्वस्तातला माल दिला. तसं नाही. बी-यामागाटा नावाचा विषाणूचा वंश मार्च २०२० नंतर जगात खात्रीने सापडलेलाच नाही, म्हणून संघटनेनेच तो वगळायला सांगितलं. तीनची लस घेऊन काहीही गमावत नाही.

पल्मो_पुणे

चौकस, थंडीत फ्लू असतो, पण आपल्याकडे तो दुसरा, बहुधा लहान उंचवटा. ज्यांनी नोव्हेंबरमध्ये घेतली त्यांनी पुढच्या मे महिन्यात दक्षिणेची घेऊन गाडी रुळावर आणावी. सहा महिन्यांत दुसरी झाली म्हणून अपाय नाही.

गोदाकाठ

न्यूमोनियाच्या लशीचं सविस्तर लिहा. १३, २०, २३ हे आकडे ऐकून लोकांना वाटतं मोठा आकडा म्हणजे भारी लस.

पल्मो_पुणे

तेच लिहायला बसलो होतो. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

न्यूमोकॉकस हा जिवाणू. त्याच्या अंगावर साखरेचं कवच असतं आणि कवचांचे शंभराच्या आसपास प्रकार आहेत. २३ ची लस (न्यूमोव्हॅक्स) म्हणजे २३ प्रकारांची नुसती कवचं. शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, पण स्मृतिपेशी तयार होत नाहीत, त्यामुळे पाचेक वर्षांत जोर ओसरतो. १३ ची (प्रेव्हनार १३) किंवा २० ची लस काँज्युगेट असते: कवच एका प्रथिनाला जोडलेलं असतं, त्यामुळे टी-पेशी कामाला लागतात आणि स्मृती तयार होते. आकडा लहान असला तरी प्रतिसाद पक्का.

म्हणून काँज्युगेट आधी. नुसती कवचं आधी टोचली तर पुढच्या काँज्युगेटला मिळणारा प्रतिसाद बोथट होतो. प्रत्यक्षात असं करायचं:

काहीच घेतलेलं नसेल आणि २० ची मिळत असेल, तर तिचा एक डोस. विषय संपला, २३ ची गरज नाही.

२० ची मिळत नसेल तर आधी १३ ची आणि किमान १ वर्षाने २३ ची. प्रतिकारशक्ती दबलेली असेल (रोज स्टिरॉइडच्या गोळ्या, मायकोफेनोलेटसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, अवयव प्रत्यारोपण) तर वर्षभर न थांबता ८ आठवड्यांनी.

आधीच २३ ची घेऊन झाली असेल तर किमान १ वर्ष थांबून काँज्युगेट. बहुतेक लोक या गटात सापडतील.

१३ आणि मग २३ या वाटेने गेलेल्यांनी २३ चा डोस वयाच्या ६५ च्या आत घेतला असेल, तर ६५ नंतर आणि आधीच्या २३ पासून ५ वर्षं झाल्यावर आणखी एक. दर पाच वर्षांनी आयुष्यभर टोचत राहायचं नसतं. तसं सांगणारे आहेत, पण त्याला आधार नाही.

चौकस

लस घेऊनही न्यूमोनिया झाला, अशी तक्रार हमखास ऐकू येते. मग उपयोग काय?

पल्मो_पुणे

न्यूमोनिया डझनभर जंतूंनी होतो. ही लस त्यातल्या एकाच जंतूच्या ठरावीक प्रकारांवर चालते. नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांपुढच्या सुमारे ८५ हजार लोकांवर १३ च्या लशीची चाचणी झाली, निकाल २०१५ साली आले. लशीतल्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झाला आणि त्याच प्रकारांचा रक्तात वगैरे पसरणारा गंभीर आजार ७५ टक्क्यांनी. सगळ्या कारणांचा न्यूमोनिया एकत्र मोजला तर फरक दिसला नाही. तेव्हा 'न्यूमोनियाची लस' हे नाव तिला थोडं जास्तच मोठं झालं आहे. पण ज्याच्या फुप्फुसात राखीव ताकदच नाही, त्याच्यासाठी जीव घेणाऱ्या प्रकारांवर ७५ टक्के फार झाले.

औषधीशाळा

यात भर. न्यूमोकॉकसच्या काही लशी फक्त लहान मुलांसाठी असतात, उदाहरणार्थ १० प्रकारांची न्यूमोसिल. 'न्यूमोनियाची लस द्या' एवढंच सांगितलं तर काउंटरवर कोणतंही खोकं येऊ शकतं. चिठ्ठीवर लशीचं पूर्ण नाव आणि आकडा लिहून घ्या, खोक्यावर प्रौढांसाठी असल्याचं पाहा.

मोठा धोका मात्र फ्रीजचा. या लशी २ ते ८ अंशांत ठेवायच्या, आणि गोठवायच्या तर अजिबात नाहीत. काँज्युगेट आणि टीडॅपमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो. गोठला की त्याच्या गुठळ्या होतात आणि लस निकामी होते. वितळल्यावर वरून काही कळत नाही. लोक उन्हाला घाबरून लस बर्फात खोचतात आणि नेमकी गोठवतात. एकदाराच्या घरगुती फ्रीजमध्ये फ्रीजरच्या खालच्या ट्रेमध्येही ती गोठू शकते. मधला कप्पा, भिंतीपासून दूर. दारात नको, तिथे तापमान सतत वरखाली होतं.

दुकानातून दवाखान्यात न्यायची असेल तर जेलपॅक फ्रीजरमधून काढून बाहेर ठेवा. त्याला घाम फुटला आणि हलवल्यावर आत पाणी हललेलं जाणवलं की वर्तमानपत्रात गुंडाळून थर्मोकोलच्या डब्यात ठेवा. लशीचं खोकं पॅकला थेट टेकू देऊ नका. खोकं फोडू नका, उजेडाचाही त्रास असतो. सगळ्यात सोपं म्हणजे जिथे टोचायची तिथल्याच फ्रीजमधली घ्यावी.

सिस्टर_सातारा

टोचण्याबद्दल मी लिहिते, कारण सीओपीडीचे पेशंट बरेचदा हडकुळे असतात आणि तिथे चुका होतात.

जागा दंडाचा स्नायू. खांद्याचं वरचं हाड बोटांनी चाचपायचं, त्याच्या खाली दोन ते तीन बोटं सोडून मध्यभागी. त्याहून वर गेलं तर औषध सांध्याजवळच्या पिशवीत जातं आणि खांदा महिनोन् महिने दुखतो, हात वर होत नाही. बारीक माणसात ही चूक फार सहज होते. सुई २३ ते २५ गेजची. लांबी साधारण २५ मिमी. वजन ६० किलोच्या आत असेल तर कातडी ताणून १६ मिमीची चालते. स्थूल माणसाला ३८ मिमी लागू शकते. शर्टाची कॉलर ओढून खांद्यावर टोचू देऊ नका, बाही पूर्ण वर जाईल असे सैल कपडे घालून या.

काँज्युगेटची भरलेली सिरिंज उभी राहिली की तळाशी पांढरा साका बसतो. तो खराबीचा नाही, पण जोरात हलवून सगळं एकसारखं दुधाळ व्हायला हवं. हलवूनही गुठळ्या राहिल्या तर वापरायची नाही.

शिंग्रिक्स, म्हणजे नागिणीची लस, दोन कुप्यांत येते. एकीत भुकटी, दुसरीत द्रव. भुकटीत द्रव मिसळून ०.५ मिली टोचायचं, मिसळल्यावर ६ तासांच्या आत. नुसता द्रवच टोचला गेल्याचे प्रकार होतात, कारण दिसायला तोच लशीसारखा. पेशंटने 'दोन्ही कुप्या मिसळल्या ना?' असं विचारलं तर कोणी रागावू नये.

एकाच दिवशी दोन लशी चालतात, दोन वेगळ्या दंडांत. एकाच दंडात द्यायची वेळ आली तर दोन जागांत किमान अडीच सेंटिमीटर अंतर हवं. नंतर निदान १५ मिनिटं बसायचं. पंप बरोबर हवाच.

गोदाकाठ

ताई, रक्त पातळ ठेवणारी गोळी, म्हणजे अ‍ॅसिट्रॉम किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर?

सिस्टर_सातारा

गोळी बंद करू नका. अ‍ॅसिट्रॉमवाल्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा) ठरलेल्या मर्यादेत असावा. बारीक सुई, आणि नंतर कापसाने किमान २ मिनिटं घट्ट दाबून धरायचं. चोळायचं नाही, चोळल्याने रक्त साकळतं.

मडगावकार

स्टिरॉइडवर कोणीतरी लिहा. 'स्टिरॉइड चालू आहे, लस नको' असं सांगून पेशंट परत पाठवले जातात.

पल्मो_पुणे

पंपातलं स्टिरॉइड या हिशोबात धरतच नाहीत. फोरॅकॉर्ट, सेरोफ्लो जे काय असेल ते चालू ठेवा.

गोळ्यांची रेषा अशी: प्रेडनिसोलोन रोज २० मिग्रॅ किंवा जास्त, १४ दिवस किंवा जास्त. या रेषेच्या पलीकडे जिवंत लशी बंद, आणि स्टिरॉइड बंद केल्यावरही किमान महिनाभर नाहीत. निष्क्रिय लशी (वर सांगितलेल्या सगळ्या) अपाय करत नाहीत, फक्त प्रतिसाद कमी मिळतो. म्हणून फ्लूची थांबवू नका. न्यूमोकॉकस आणि नागिणीची लस स्टिरॉइडचा डोस २० मिग्रॅच्या खाली येईपर्यंत पुढे ढकलता येते.

आजार उसळल्यावर देतात तो ४० मिग्रॅचा ५ दिवसांचा कोर्स या रेषेच्या अलीकडे आहे. ताप उतरला, धाप नेहमीच्या पातळीवर आली की लस घ्या, महिनाभर थांबायचं कारण नाही. उलट डिस्चार्जच्या दिवशीच देणं उत्तम. एकदा घरी गेलेला माणूस पुढच्या उसळीपर्यंत फिरकत नाही. भर उसळीत मात्र नको. नंतर आलेला ताप लशीचा की छातीचा, हे कळत नाही. साधी सर्दी हे लस टाळायचं कारण नाही.

आयएलडीवाल्यांनी औषधांची नावं तपासावीत. पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब प्रतिकारशक्ती दाबत नाहीत. मायकोफेनोलेट दाबतं. रिटक्सिमॅब सर्वात अवघड: त्यानंतर कित्येक महिने प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशीच नसतात. ते ठरत असेल तर आधी किमान दोन, जमलं तर चार आठवडे सगळ्या लशी उरकून घ्या. सुरू झालंच असेल तर फ्लूची वेळेवर द्या, बाकीच्या रिटक्सिमॅबच्या पुढच्या डोसच्या थोड्या आधी बसवा.

चौकस

जिवंत लशी म्हणजे कोणत्या? नाकात मारायची फ्लूची त्यातली का? इंजेक्शनला घाबरणारे ती मागतात.

औषधीशाळा

हो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नेसोव्हॅक ही तशी, दुर्बळ केलेल्या जिवंत विषाणूची, नाकातून द्यायची. दमा-सीओपीडीवाल्यांनी ती घ्यायची नाही, श्वासनलिका आकसू शकते. शिवाय पन्नाशीपुढे तशी लस देतच नाहीत. दंडातली निष्क्रिय लसच घ्या. तिच्यात जिवंत विषाणू नसल्यामुळे तिने फ्लू होऊच शकत नाही. अंड्याची अ‍ॅलर्जी आता आड येत नाही.

पल्मो_पुणे

दुसरी जिवंत लस म्हणजे बीसीजी. २०२४ पासून टीबी निर्मूलनाखाली प्रौढांना बीसीजी देण्याची मोहीम निवडक जिल्ह्यांत झाली. तिच्या गटांत साठीपुढचे आणि धूम्रपान करणारे होते, म्हणजे सीओपीडीचे बरेच लोक आपोआप आले. वरच्या स्टिरॉइडच्या रेषेपलीकडचे किंवा मायकोफेनोलेटवाले असतील तर टोचणाऱ्याला आधी सांगा. आणि बीसीजी घेतली म्हणून न्यूमोनियाची लस झाली, असं समजू नका.

न्यूजर्सीकर

इकडे अमेरिकेत मुलांकडे येणाऱ्या आई-वडिलांसाठी थोडं. ऑक्टोबर ते मार्चमध्ये येणार असाल तर मे महिन्यातल्या डोसचा जोर तोवर उतरलेला असतो. निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी उत्तरेची लस घ्या, नाहीतर इथे उतरल्यावर फार्मसीत मिळते. व्हिजिटर विम्यात लशी बहुधा बसत नाहीत, खिशातून पैसे द्यावे लागतात. शिंग्रिक्स आणि आरएसव्ही इथे महाग पडतात, त्यामुळे शिंग्रिक्सचे दोन्ही डोस भारतातच २ ते ६ महिन्यांच्या अंतराने उरकून यावं. दुसऱ्या डोसला उशीर झाला तर पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. विमानाच्या आदल्या दिवशी शिंग्रिक्स नको. दंड ठणकतो, एक-दोन दिवस कसकस आणि ताप येऊ शकतो, आणि ज्याचा ऑक्सिजन आधीच काठावर आहे त्याला त्यात प्रवास नको.

गोदाकाठ

फ्लूची लस घेतलेल्याला पावसाळ्यात ताप-खोकला आला तर घरी किती दिवस बघायचं?

पल्मो_पुणे

बघत बसायचं नाही. फ्लूची शक्यता असेल तर ऑसेल्टामिव्हिर हे फ्लूचं औषध ४८ तासांच्या आत सुरू झालेलं बरं, आणि लस घेतली होती हे ते टाळायचं कारण नाही. मात्रा ७५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, ५ दिवस. मूत्रपिंड कमजोर असेल तर कमी. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नको. त्याच जातीचं झॅनामिव्हिर ओढायच्या पुडीतून येतं, ते आपल्या लोकांना नको. तेही श्वासनलिका आकसवतं.

मडगावकार

शेवटचा प्रश्न. घरी ऑक्सिजनवर असलेल्या माणसाला नेण्यात किती जोखीम?

सिस्टर_सातारा

आधी जवळच्या दवाखान्यात घरी येऊन टोचतात का ते विचारा. तिथली नर्स थंड डबा आणि अ‍ॅड्रिनॅलिन (तीव्र अ‍ॅलर्जी उठली तर लागणारं इंजेक्शन) घेऊन येणार असेल तर तेच बरं. अ‍ॅड्रिनॅलिन नसेल तर घरी टोचून घेऊ नका.

न्यायचंच असेल तर फोन करून गर्दी नसलेली वेळ घ्या. तापाच्या रांगेत तासभर बसवलं तर लस घ्यायला जाऊन आजार घेऊन यायचा. दोन लशी एकाच फेरीत घ्या. सिलिंडरचा हिशोब असा: बाटलीची पाण्याची क्षमता लिटरमध्ये, तिला घड्याळावरच्या दाबाने (बारमध्ये) गुणा, आणि मिनिटाला किती लिटर चालू आहे त्याने भागा. २ लिटरची बाटली, १०० बार दाब, २ लिटरचा प्रवाह, म्हणजे १०० मिनिटं. त्यात जाणं, थांबणं, टोचल्यानंतरची १५ मिनिटं आणि येणं बसलं पाहिजे. वर निदान अर्ध्या तासाची शिल्लक धरा, नाहीतर दुसरी बाटली गाडीत टाका.